‘उद्योग कपात’ म्हणावं का?

कर्नाटकातल्या खानापूरहून एका वाचकांनी विचारलंय: सरकारी रस्ते-देखभाल कंपनीच्या पुनर्रचनेची बातमी आमच्याकडे ‘प्रशासकीय उद्योग कपात’ अशा मथळ्यानं फिरतेय. हे मराठी बरोबर आहे का?

नाही. हा ‘उद्योग’ कन्नडमधून जसाच्या तसा उचललाय. कन्नडमध्ये उद्योग म्हणजे नोकरी, रोजगार. त्यामुळे तिथं ‘उद्योग कडित’ अगदी चोख. तुमच्या पंचायतीत जी ‘उद्योग खात्री’, तीच महाराष्ट्रातल्या चंदगडात ‘रोजगार हमी’. मराठीत मात्र उद्योग म्हणजे कारखानदारी, नाहीतर ‘नसते उद्योग’ मधले उपद्व्याप. हा मथळा वाचून कुणाला वाटेल, साहेबांचे उपद्व्याप कमी होणार. (तेही वाईट नाही म्हणा!) ‘इलाखा’ही असाच फसवतो. इंग्रजी अमलात बेळगाव मुंबई इलाख्यात होतं, तिथं इलाखा म्हणजे प्रांत. कन्नडमधलं ‘लोकोपयोगी इलाखे’ म्हणजे मात्र आपलं बांधकाम खातं.

‘नोकरकपात’ वर्तमानपत्रांत रुळलाय आणि तो चालेल. पाणीकपातीत पाणी घटतं, तसे इथं नोकर घटतात. पण पुनर्रचनेत दरवेळी माणसाला घरी पाठवतात असं नाही. कुणी निवृत्त झालं की ती जागा भरायचीच नाही, हाही एक मार्ग. तिथं ‘पदकपात’ नेमका.

‘कामगारकपात’ मात्र इथं जपून वापरा. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यानं कारकुनी काम करणाऱ्याला कामगार धरलं, पण व्यवस्थापकीय किंवा प्रशासकीय पदावरच्याला वगळलं. वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी पगाराइतकी भरपाई, शेवटी आलेला आधी बाहेर, हे त्या कायद्यातले नियम कामगारांपुरतेच होते. आपण बोलताना आवक-जावकवाल्यापासून व्यवस्थापकापर्यंत सगळ्यांनाच ‘प्रशासकीय’ म्हणतो; कायदा तसं म्हणत नाही.

शिवाय ‘प्रशासकीय कपात’ म्हणजे प्रशासनानं केलेली की प्रशासनातली? ‘प्रशासकीय कारवाई’ची सवय असलेला वाचक पहिलाच अर्थ घेणार. अशा वेळी विशेषण सोडून सरळ सप्तमी वापरावी. मी असा मथळा देईन: ‘रस्ते-देखभाल कंपनीची पुनर्रचना, कार्यालयातील पदे घटणार’. रस्त्यावरचे मुकादम, मजूर यांना हात लागणार नसेल, तर तेही पहिल्याच ओळीत सांगावं. खानापुरात बातमी वाचणाऱ्याला आधी तेच हवं असतं.