रनवे शेवटी बघा, आधी येण्याचा मार्ग बघा

तुम्ही विचारलंय की पुन्हा वापरायचं अवकाशयान आहे तर एखादं ओसाड वाळवंट आणि लांब रनवे बघून तिथेच का नाही उतरवत, एवढा काथ्याकूट कशासाठी. माझ्या मते चाकं टेकतात ती जागा सगळ्यात शेवटी ठरवायची असते, आधी बघायचं ते वातावरणात शिरल्यापासून यान कुठून कुठून येतं आणि त्या पट्ट्याखाली कोण राहतं. २००३ मध्ये नासाचं कोलंबिया हे स्पेस शटल (विमानासारखं उतरणारं अवकाशयान) परतताना तुटलं तेव्हा तुकडे टेक्सास आणि लुइझियानात पडले, खाली कोणाला लागलं नाही हे नशीबच म्हणायचं. स्पेसएक्सच्या ड्रॅगन कॅप्सूलचा मुद्दाही तोच, ती उतरायची फ्लोरिडाजवळ समुद्रात, पण तिचा मागचा भाग, ज्याला ट्रंक म्हणतात, तो आधीच सुटून नंतर कुठेही पडायचा, ऑस्ट्रेलियात शेतात तुकडे सापडले, म्हणून २०२५ पासून उतरण्याची जागा कॅलिफोर्नियाजवळ पॅसिफिकमध्ये नेली, आता ट्रंक थेट समुद्रातच पाडता येतो. म्हणजे बघा, कॅप्सूलच्या लँडिंगमध्ये काहीच अडचण नव्हती, तरी साईट बदलली!

आता वाळवंटाचं. मार्च १९८२ मध्ये शटलची तिसरी फ्लाईट कॅलिफोर्नियातल्या एडवर्ड्स हवाई तळावर उतरायची होती, तिथला कोरडा तलाव पावसाने ओला झाला म्हणून न्यू मेक्सिकोतल्या व्हाईट सँड्सला उतरवली. जागा सपाट, मोकळी, ऐसपैस, पण तिथली जिप्समची बारीक धूळ यानात सगळीकडे शिरली आणि ती साफ करता करता लोकांच्या नाकी नऊ आले. त्यानंतर तिथे एकही शटल उतरलं नाही. एकदाच वापरायचं यान असतं तर धुळीचं कोणाला काय पडलं असतं, पण तेच यान परत उडवायचंय ना.

वाहतूक पण धरा. एडवर्ड्सला उतरलं की शटल बोइंग ७४७ विमानाच्या पाठीवर बसवून फ्लोरिडाला न्यायचं, त्यात दिवस आणि पैसे दोन्ही जायचे, म्हणून फ्लोरिडातल्या केनेडी स्पेस सेंटरचा, म्हणजे जिथून शटल उडायचं तिथलाच, साडेचार किलोमीटरचा रनवे पहिली पसंती असायची, पण तिथलं हवामान लहरी आणि शटल उतरताना बिनइंजिनाचं ग्लायडर, चुकलं तर परत वर घेऊन दुसरी फेरी मारता येत नव्हती. त्यामुळे पर्यायी साईट तयार ठेवाव्याच लागायच्या. रॉकेटलाही हाच हिशोब: स्पेसएक्सच्या फाल्कन ९ रॉकेटचा बूस्टर (खालचा टप्पा) लाँचपॅडजवळ परत आणायचा तर इंधन जास्त राखावं लागतं आणि पेलोड, म्हणजे वर न्यायचं वजन, घटतो, जड पेलोड असेल तर ड्रोनशिप, म्हणजे समुद्रातल्या मानवरहित जहाजावर उतरवायचा.

तुमच्या यानाची क्रॉसरेंज किती धरलीय ते सांगा, म्हणजे कक्षेच्या मार्गापासून बाजूला किती सरकता येतं ते. शटलला साधारण २००० किलोमीटर जमायचं, कॅप्सूलला त्यामानाने फारच कमी, आणि नकाशावरच्या निम्म्या जागा तर तिथेच बाद होतात.