सही जागेवर

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

काल फोनवर विचारलंस, "काका, दुरुस्तीच्या कामाला परवानगी देणाऱ्या परमिटवर सही करायला मी वेळ लावतो म्हणून प्रॉडक्शनवाले हसतात. माझं चुकतंय का?" मी नुसतं हूं म्हणून फोन ठेवला. रात्री म्हार्दोळला पावसानं वीज गेली, झोप येईना, म्हणून हे पत्र.

वेळ कुठे लागतो ते आधी सांग. पाइपापाशी उभं राहून लागत असेल तर लागू दे. केबिनमध्ये तेच रकाने चारदा वाचण्यात जात असेल, तर हसणाऱ्यांचं फारसं चुकत नाही.

सही जागेवर जाऊन करायची. पंपाला कुलूप घातलं म्हणून परत फिरू नकोस, स्टार्टचं बटण दाबून बघ, सुरू होत नाही ना. ड्रेन उघडला आणि काही आलं नाही, म्हणून लाइन रिकामी समजू नकोस. गाळानं तोंड बुजलेलं असतं. फ्लँज, म्हणजे पाइपांचा बोल्ट लावलेला जोड, खोलताना अंगापासून लांबचा बोल्ट आधी ढिला करायचा, हे फिटरला माहीत असतं. तरी सांग. टाकीत माणूस उतरणार असेल तर ऑक्सिजन वर, मध्ये आणि तळाशी मोज, 19.5 टक्क्यांखाली कोणी उतरायचं नाही. नायट्रोजनला वास नसतो रे, नाकावर कसला भरवसा ठेवतोस!

पायपर अल्फा, उत्तर समुद्रातला तो जळालेला तेलाचा प्लॅटफॉर्म, तुम्ही ट्रेनिंगच्या स्लाइडवर बघता आणि चहाला उठता. 6 जुलै 1988. दिवसपाळीनं एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीला काढून तिथे ब्लाइंड, म्हणजे तोंड बंद करणारी चकती, लावला. रात्री दुसरा पंप बंद पडला, तेव्हा रात्रपाळीनं हाच सुरू केला. व्हॉल्व्ह काढल्याचं त्यांना माहीतच नव्हतं. 167 माणसं गेली. परमिट होतं, सही होती. म्हणून म्हणतो, पाळी बदलली की दोघांनी मिळून जागेवर जायचं. वहीत लिहून भागत नाही.

माझा कॉस्टिकचा, त्या कातडी जाळणाऱ्या सोड्याचा, किस्सा तू अर्धाच ऐकलायस. चवथ चार दिवसांवर, शटडाऊन, म्हणजे प्लांट बंद ठेवून करायची दुरुस्ती, आटपायची घाई, टेबलावर सात परमिटं. सातही मी बसल्या जागी केली. फिटरनं फ्लँज सोडला आणि त्याचा उजवा डोळा गेला. व्हॉल्व्ह पासिंग होता, बंद असूनही गळत होता, असं मी चौकशीत सांगितलं. ते खरंच होतं. सही कुठे बसून केली हे कोणी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. माझ्या जागी दुसरा कोणी असता तरी त्या दिवशी... जाऊ दे. दोनशे पावलांवर होता तो फ्लँज.

पुढची अठरा वर्षं मी टेबलावर एकही सही केली नाही. लोक 'चालता परमिट' म्हणायचे. म्हणू देत.

सोमवारी तुमचं शटडाऊन. त्याआधी बूट बदल. तळ गुळगुळीत झालेत तुझे, मागच्या खेपेला माझ्याच पायरीवर घसरलास.

तुझा,
काका