कॉर्कसाठी साल सोलल्यावर झाड मरत नाही का? कॉर्क खरंच पर्यावरणपूरक असतं का?

सोलणी नीट झाली तर झाड मरत नाही. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र नुसतं झाडाकडे बघून मिळणार नाही. कॉर्कचे कण कशाने चिकटवलेत, तेही बघावं लागतं.

आधी झाडाबद्दल. पांढऱ्या सुवासिक फुलांच्या ज्या झाडाला आपण बूच म्हणतो, ते हे नव्हे. हा कॉर्क ओक, शास्त्रीय नाव क्वेर्कस सुबेर. तो भूमध्य समुद्राच्या पश्चिम भागातल्या देशांत वाढतो आणि जगातलं जवळपास निम्मं कॉर्क एकट्या पोर्तुगालमधून येतं. एरवी कुठल्याही झाडाची साल बुंध्याभोवती पूर्ण काढली, तर पानांत तयार झालेलं अन्न मुळांपर्यंत पोचत नाही आणि झाड वाळतं. कॉर्क ओकची बाहेरची साल जाड आणि मृत पेशींची असते. तिच्याखाली कॉर्क तयार करणाऱ्या पेशींचा नाजूक थर असतो आणि साल नेमकी तिथूनच सुटते. आतली अन्न वाहणारी साल शाबूत राहते आणि तिच्यातच तसा नवा थर धरतो.

हे साधारण मेच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंतच जमतं, कारण तेव्हा या थरातल्या पेशी वाढीला लागलेल्या आणि पाण्याने फुगलेल्या असतात. एरवी ओढाल तर आतली सालही सोबत येईल. सोलणारा कुऱ्हाडीने उभी चीर पाडतो आणि पातं चिरेत किंचित पिळतो. पोकळ, फाटल्यासारखा आवाज आला की साल सुटायला तयार आहे. आवाज तोकडा आणि कोरडा आला, तर त्या झाडाला जबरदस्ती करू नये. मग वर आडवी चीर पाडायची आणि दांड्याचं पाचरीसारखं तासलेलं टोक आत सारून सालीची फळी उचकटायची. पातं जरा खोल गेलं की आतल्या सालीला जखम होते, आणि तिथे पुढच्या प्रत्येक सोलणीत खोट राहते. म्हणूनच हे काम आजही बहुतांशी हातानेच, अनुभवी माणसांकडून होतं. शेवटी बुंध्यावर त्या वर्षाचा शेवटचा आकडा पांढऱ्या रंगाने लिहितात. ‘4’ दिसला तर सोलणी 2024 ची.

पोर्तुगालच्या कायद्याप्रमाणे दोन सोलण्यांत किमान 9 वर्षं जावी लागतात. पहिली सोलणी जमिनीपासून 1.3 मीटरवर घेर 70 सेंटिमीटर झाल्यावरच, म्हणजे झाड साधारण 25 वर्षांचं झाल्यावर. ती साल कडक आणि ओबडधोबड निघते, दुसरी जरा बरी. बाटलीच्या अखंड बुचाजोगी साल तिसऱ्या सोलणीपासून मिळते, म्हणजे लावल्यापासून चाळीसेक वर्षांनी. एवढा धीर धरणारं दुसरं पीक सहज आठवत नाही.

झाडं मरतात ती बहुधा वेगळ्या कारणांनी. झाडाखाली खोल नांगरणी केली की वरची मुळं तुटतात. फायटॉप्थोरा या मातीतल्या बुरशीसारख्या रोगजंतूमुळे मुळं कुजतात, दुष्काळ ती झीज वाढवतो. शिवाय जाड कॉर्क म्हणजे झाडाचं आगीपासूनचं चिलखत असतं. सोलणीनंतरच्या पहिल्या काही वर्षांत वणवा आला तर झाड उघडंच सापडतं.

आता वस्तूंकडे या. अखंड सालीतून कापलेलं बूच ही सर्वांत निर्मळ वस्तू: फळ्या काही महिने उघड्यावर मुरवतात, तासभर उकळून सपाट करतात आणि बुचं पाडतात. उरलेला चुरा वाया जात नाही, पण खरा फरक पडतो तो इथेच. काळपट रंगाचे, किंचित धुरकट वासाचे इन्सुलेशनचे बोर्ड चुऱ्याला 300 अंशांच्या आसपासच्या वाफेत फुगवून बनवतात. कॉर्कमधलीच राळ कण बांधते, वेगळा गोंद लागत नाही. तपकिरी शीट आणि टाइल मात्र सहसा पॉलियुरेथेनसारख्या बाइंडरने चिकटवलेल्या असतात. क्लिक पद्धतीच्या, म्हणजे फळ्या एकमेकींत अडकवून बसवायच्या फ्लोअरिंगची कडा निरखून बघा: बऱ्याचदा वर कॉर्कचा पातळ थर, मध्ये दाबलेल्या लाकडी तंतूंचा एचडीएफ बोर्ड आणि पृष्ठभागावर विनाइल किंवा लॅकर दिसेल. तेही टिकाऊ असतं, पण त्याला ‘शंभर टक्के नैसर्गिक’ म्हणणं मला पटत नाही. विक्रेत्याला बाइंडर आणि वरचा थर कशाचा आहे, ते थेट विचारा.

कॉर्कची जमीन बसवणार असाल, तर टाइल त्याच खोलीत किमान 48 तास उघड्या ठेवा. खालचं काँक्रीट पूर्ण वाळलेलं हवं, नाहीतर कडा उचलतात. क्लिकच्या फळ्यांना भिंतीलगत 10 मिलिमीटर फट सोडा. चिकटवायच्या टाइलसाठी काँटॅक्ट गोंद टाइलच्या पाठीला आणि जमिनीला, दोन्हीकडे लावून बोटाला न लागण्याइतका सुकू द्या. एकदा टेकवली की ती सरकवता येत नाही. बारीक पायांच्या खुर्च्यांखाली रुंद पॅड लावा, आणि थेट ऊन पडतं तिथे रंग फिका पडेल हे धरूनच चाला.