जाती की प्रजाती?

प्रश्न : 'सह्याद्रीत पालीची नवी प्रजाती सापडली' असं बातम्यांत वाचतो. इथे प्रजाती बरोबर की जाती? आणि नवी जाती तयार होते म्हणजे नेमकं काय होतं?

उत्तर : जाती. आपल्या पाठ्यपुस्तकांत उतरता क्रम कुल, प्रजाती (जीनस), जाती (स्पीशीज) असा आहे. २०१४ मध्ये कासहून 'निमास्पिस गिरी' ही पाल नोंदली गेली. निमास्पिस ही प्रजाती जुनीच, नवी होती ती जाती. हिंदीत स्पीशीजला 'प्रजाति' म्हणतात, कारण जीनससाठी त्यांच्याकडे 'वंश' आहे. आमचे वार्ताहर अर्धीच व्यवस्था उचलतात. शिवाय 'प्र' लावला की शब्द भारदस्त होतो, ही समजूत आहेच.

खरी गंमत पुढे आहे. लॅटिन 'स्पीशीज' पाहणे या अर्थाच्या धातूवरून आला. मूळ अर्थ रूप. संस्कृत स्पश् त्याच कुळातला, 'स्पष्ट' त्यातूनच निघाला. 'जीनस' मात्र जन् धातूच्या घरातला. म्हणजे 'जाती' ही जीनसची सख्खी बहीण, आणि आपण ती दिली स्पीशीजच्या घरी! काहींना ही चूक वाटते. मला उत्तम सोयरीक वाटते. कारण जीवशास्त्रज्ञ अर्न्स्ट मायरने १९४२ मध्ये जाती ठरवली ती रूपावरून नव्हे, प्रजननावरून : आपसात वीण होते, इतरांशी होत नाही, असा समूह. पतंजलीच्या महाभाष्यातली 'आकृतिग्रहणा जातिः' (आकृतीवरून ओळखता येते ती जाती) ही रूपावरची व्याख्या. न्यायसूत्रातली 'समानप्रसवात्मिका जातिः' (समान प्रसव हेच जिचं स्वरूप ती जाती) थेट मायरची! न्यायसूत्राचा भाष्यकार वात्स्यायन म्हणतो, इथे प्रसव होतो तो समान बुद्धीचा, म्हणजे 'ही सारखीच' या जाणिवेचा, आणि पंडित तीच री ओढतात. ओढोत. सूत्रात 'प्रसव' आहे, 'बुद्धी' नाही.

हां, तयार होण्याचं राहिलं. हिवाळ्यात आपल्याकडे येणारा हिरवट वटवट्या हा पक्षी घ्या. तो तिबेटच्या पठाराला दोन्ही बाजूंनी वळसा घालत उत्तरेकडे पसरला. वाटेत शेजाऱ्याची शेजाऱ्याशी वीण जुळते, पण गाणं थोडं थोडं बदलत जातं. सैबेरियात दोन्ही टोकं भेटतात तेव्हा पश्चिमेकडच्याच्या पंखावर एक पट्टा, पूर्वेकडच्याच्या दोन, आणि एकाचं गाणं दुसऱ्याला ओळखू येत नाही, त्यामुळे जोड्या सहसा जमत नाहीत. टोकांपाशी दोन जाती, मधल्या साखळीत एकच. मायरची व्याख्या इथे अडखळते; बिनविणीच्या जीवाणूंपुढे तर ती थांबतेच. काही पक्षिसूच्या या वटवट्याच्या दोन जाती धरतात, काही एकच. प्रजाती मात्र एकच, फिलोस्कोपस.