ग्लॅडस्टोनचं घर: चाव्या हातात येताच सही करू नका

तुमच्या मिस्टरांना ऑस्ट्रेलियात ग्लॅडस्टोनच्या अल्युमिना रिफायनरीत नोकरी लागलीय, साउथ ग्लॅडस्टोनचं भाड्याचं घर पुण्यातून फोटोंवर ठरलंय, आणि एजन्सी म्हणते की फॉर्म १ए चाव्या घेतानाच सही करून द्या. हे वाचून राहवलं नाही. अजिबात देऊ नका.

तो घराच्या स्थितीचा अहवाल असतो. क्वीन्सलँडमध्ये तो भरून परत करायला भाडेकरूला ७ दिवस मिळतात. आम्हाला भेटलेल्या एजन्सीने (नाव घेत नाही) ‘सगळं स्वच्छ’ असा आधीच भरलेला फॉर्म पुढे केला, आणि घर सोडताना व्हरांड्याच्या छतावरचे जुने काळे डाग आमच्या माथी मारले. बंदराच्या गावात धूळ रोजच बसते, त्यामुळे हा वाद इथे हमखास होतो.

पहिल्याच दिवशी, सामान लावण्याआधी, ओला पांढरा टिशू खिडक्यांच्या रुळांवरून, जाळ्यांवरून, पंख्यांवरून, एसीच्या फिल्टरवरून फिरवा आणि फोटो काढा. व्हरांडा, कारपोर्ट, कपडे वाळत घालायची जागा विसरू नका. ‘घाण’ असं मोघम लिहू नका. ‘मागच्या व्हरांड्याचं छत, काळे डाग, पुसून जात नाहीत’ असं लिहा. फोटो त्याच दिवशी एजन्सीला ईमेल करा. घर सोडताना फॉर्म १४ए, म्हणजे निघतानाचा स्थिती अहवाल, भराल तेव्हा याच जागा पुन्हा तपासल्या जातात.

बाँड, म्हणजे अनामत रक्कम, जास्तीत जास्त ४ आठवड्यांच्या भाड्याइतका. तो आरटीएकडे, म्हणजे सरकारी भाडे प्राधिकरणाकडे, १० दिवसांत जमा व्हायला हवा. पावती आरटीएचीच मागा. पुढे एजन्सीने बाँडवर दावा केला, तर आरटीएची नोटीस आल्यावर हरकत घ्यायला १४ दिवस असतात. ही मुदत चुकवू नका. मी वकील नाही आणि नियम बदलतात, तेव्हा आरटीएच्या साइटवर ताजं वाचूनच पुढे जा.

आता जागेबद्दल. रिफायनरी गावाच्या आग्नेयेला पार्सन्स पॉइंटवर आहे, कोळशाचं आर. जी. टॅना टर्मिनल वायव्येला क्लिंटनकडे. वारा बरेचदा पूर्व-आग्नेयेचा, म्हणजे साउथ ग्लॅडस्टोन रिफायनरीच्या वाऱ्यात येतं. कामाला जवळ, हे खरं. पण घरात दम्याचा माणूस असेल तर मी जवळच्या टॅनम सँड्स गावात घर बघेन, रोजची गाडी चालवावी लागली तरी.

आणि नोकरी कायम ऑपरेशनची आहे की शटडाऊनपुरती (दुरुस्तीसाठी कारखाना बंद ठेवतात तेवढ्या दिवसांची), हे लेखी घ्या. इथल्याच कर्टिस बेटावरचे तीन एलएनजी (द्रवरूप नैसर्गिक वायू) प्रकल्प बांधले जात असताना इथली भाडी आभाळाला भिडली होती, बांधकाम संपताच कोसळली. शटडाऊनची नोकरी असेल तर वर्षाचा करार नको. मुदतीचा पाव भाग संपायच्या आत करार मोडला, तर नवा भाडेकरू आणण्याचा खर्च म्हणून ४ आठवड्यांचं भाडं जाऊ शकतं.

शटडाऊनच्या दिवसांत मोटेल भरलेली असतात, म्हणून पहिल्या दोन आठवड्यांची खोली निघण्याआधीच बुक करा.