बाळाची मालिश: जोर किती असावा?

प्रश्न: माझे बाळ अडीच महिन्यांचे आहे. मालिशवाल्या मावशी रोज त्याचे हातपाय जोरात ताणतात, नाक चिमटीत धरून ओढतात, नाकाकानांत तेल सोडतात आणि शेवटी पाय धरून त्याला उलटे करतात. मालिशीच्या वेळी ते खूप रडते; पण आंघोळीनंतर गाढ झोपते, म्हणून सासूबाईंना यात गैर वाटत नाही. मालिश बंद करावी का? व्यायाम कोणता द्यावा?
– एक वाचक, सातारा

उत्तर: मालिश बंद करण्याचे कारण नाही, बंद करायचे ते ओढणे, ताणणे आणि उलटे धरणे. अमेरिकेतील मायामी येथे १९८६ साली झालेल्या एका अभ्यासात अपुऱ्या दिवसांच्या बाळांना दहा दिवस, दिवसातून तीनदा पंधरा-पंधरा मिनिटे अंगावरून हात फिरवून हातपायांची हळुवार हालचाल देण्यात आली, तेव्हा त्यांचे वजन इतर बाळांपेक्षा ४७ टक्के अधिक वेगाने वाढले. पूर्ण दिवसांच्या बाळाला हा आकडा लावता येणार नाही. मात्र हा लाभ जोर न लावता मिळाला होता, हे सासूबाईंना अवश्य सांगा.

नाकाची ठेवण आनुवंशिक असते, ती ओढून बदलत नाही. नाकात सोडलेले तेल श्वासनलिकेत उतरल्यास न्यूमोनिया होऊ शकतो. कानातही तेल नको. उलटे धरल्याने सांध्याला इजा होऊ शकते. आपण लिहिलेले नाही, पण काही घरी बाळाची छाती पिळून ‘दूध’ काढतात. त्याने गळू होऊ शकते, म्हणून तेही करू देऊ नये. टाळूला तेल लावण्यास हरकत नाही, फक्त ती दाबू नये. राहिला झोपेचा प्रश्न: खूप रडून दमलेले बाळही गाढ झोपते, त्यामुळे मालिश मानवली की नाही हे त्यानंतरच्या झोपेवरून ठरवण्यापेक्षा मालिश चालू असतानाच्या त्याच्या चेहऱ्यावरून ठरवावे. दूध पाजल्यावर लगेच मालिश करू नये. तेल खोबरेल चालेल, मोहरीचे टाळावे.

या वयातील सर्वांत उपयुक्त व्यायाम म्हणजे बाळ जागे असताना, कोणीतरी जवळ बसून, त्याला पालथे ठेवणे. मान, खांदे व पाठ यांना बळ येते ते बाळाने स्वतः मान उचलल्याने, दुसऱ्याने ओढल्याने नव्हे. आरंभी आपल्या छातीवर दोन-तीन मिनिटे ठेवावे आणि हळूहळू दिवसभरात मिळून तीस मिनिटांपर्यंत जावे. न रांगणाऱ्या बाळांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली किमान एवढाच वेळ सुचवला आहे. झोपवताना मात्र उताणेच झोपवावे. गुडघे अलगद पोटाकडे नेणे, पाय सायकलसारखे फिरवणे हेही चांगले. पाय सरळ करून घट्ट बांधून ठेवण्याची पद्धत खुब्याच्या सांध्यास घातक आहे. दुपट्यात पायांना हालचालीस जागा हवी.

एक हात दुसऱ्यापेक्षा कमी हलत असेल, पाय सतत ताठ राहत असतील किंवा चार महिने उलटूनही मान धरत नसेल, तर मालिशीवर विसंबून न राहता बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.