आधी भांडुपची खाडी, मग कोलंबो

नमस्कार ताई,

भांडुपहून आलेलं तुमचं पत्र वाचलं. लेक टीवायबीएस्सीला, विषय बॉटनी. तिला 'शेजारी देश मिळून पर्यावरण सांभाळतात' तसल्या कामात जायचंय. तिचे बाबा म्हणतात, बँकेची परीक्षा दे. आणि तुम्ही विचारताय, या कामाचा पगार देतं कोण?

देणाऱ्या संस्था आहेत. कोलंबोत १९८२ पासून 'साकेप' आहे, भारतासह दक्षिण आशियातल्या आठ देशांची पर्यावरणासाठीची संस्था. काठमांडूत १९८३ पासून 'इसिमोड', हिमालय-हिंदुकुशातल्या आठ देशांसाठी डोंगराळ भागाचा अभ्यास करणारं केंद्र. पण पदवी हातात पडली आणि कोलंबोचं विमान पकडलं, असं कुणाचं होत नाही. सुरुवात प्रकल्पावरच्या करारानं होते. प्रकल्प संपला की पुन्हा शोधाशोध. हे बाबांना आजच सांगून टाका.

आता खरी गोष्ट. धूर सीमा ओलांडतो हे सगळ्या देशांना मान्य असतं. वाद पेटतो तो कुणाकडून किती आला यावर. मग सगळ्यांनी एकाच पद्धतीनं मोजायला हवं. हवेच्या प्रदूषणाबद्दल दक्षिण आशियातल्या देशांनी १९९८ मध्ये केलेल्या माले जाहीरनाम्यानंतर देशोदेशी हवा तपासायची केंद्रं उभी राहिली ती त्यासाठीच. टीव्हीवर हस्तांदोलन करणारे मंत्री दिसतात, पण त्यांच्या हातातला कागद तयार करतात ती आकडे आणि नकाशे जाणणारी माणसं. लेकीनं त्यांच्यात जावं, असं माझं मत.

बॉटनीवाल्या मुलीला तर आयतं मैदान आहे. सुंदरबनचं खारफुटीचं जंगल सुमारे १०,००० चौरस किलोमीटर, त्यातला निम्म्याहून जास्त भाग बांगलादेशात. त्याच्या जतनासाठी दोन्ही देशांनी २०११ मध्ये करार केला. खारफुटी ओळखायला मात्र तिला इतक्या लांब जायला नको, तुमच्या घरामागेच ठाण्याची खाडी आहे!

या वर्षी तिनं क्यूजीआयएस हे नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर शिकावं (फुकट मिळतं) आणि संख्याशास्त्राची भीती घालवावी. पुढे देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचा पर्याय आहे, त्यासाठी सीयूईटी-पीजी ही पदव्युत्तर प्रवेश परीक्षा द्यावी लागेल. आंतरराष्ट्रीय संबंधांकडे ओढा असेल, तर दिल्लीचं साउथ एशियन विद्यापीठ बघा; सार्क देशांनी मिळून काढलेलं आहे, वर्गात शेजारी देशांतली मुलं भेटतात. बँकेची तयारी याच वर्षी नको, दोन डगरींवर पाय होतील.

येत्या रविवारी ओहोटीची वेळ बघून तिला खाडीकाठच्या भांडुप पंपिंग स्टेशनकडे पाठवा. तिवर (खारफुटीचं झाड) कुठे आणि किती, एवढंच नकाशावर मांडून आणू दे. बूट जुने घाल म्हणावं.